हृदयाची आडवाट

आमच्या वस्तीतील एका काकांची अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "काका, एक धमनी पूर्ण बंद आहे, पण बाजूच्या बारीक वाहिन्यांनी तुमचं हृदय सांभाळलंय." काकांनी सोयीचा अर्थ काढला. निसर्गानेच बायपास केला, मग बिडीला काय हरकत! हा गैरसमज घराघरांत आहे, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत; पण वाचून-विचारून जे समजले ते सांगतो.

हृदय सर्वांगाला रक्त पुरवते, पण त्याच्या स्नायूलाही रक्त लागते. ते नेणाऱ्या धमनीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचला की वाट अरुंद होते. मग शेजारच्या जन्मजात बारीक वाहिन्यांतून रक्ताचा ओघ वाढतो आणि त्या हळूहळू रुंदावतात. प्राणवायू कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. पेशींना ही कमतरता कशी कळते, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळाले.

मग हेच प्रथिन टोचून नव्या वाहिन्या का वाढवू नयेत? तसा प्रयोग झाला. १७८ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी औषधवाले आणि नुसते पाणीवजा इंजेक्शनवाले यांच्या चालण्याच्या क्षमतेत फरक दिसला नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. त्या चरबीच्या थरातही नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. त्यांतून रक्त झिरपते, थर फुगतो आणि तो फाटण्याचा धोका वाढतो. फाटला की गुठळी होते व धमनी काही मिनिटांत बंद पडते. आडवाट रुंदावायला मात्र आठवडे, महिने लागतात. म्हणजे ती आधार आहे, हमी नव्हे.

तेव्हा वाचकहो, विडी-तंबाखू सोडा. बीपी आणि साखर तपासा. डॉक्टरांना विचारून रोज चाला. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखला, घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. बायामाणसांना कधी नुसती धाप आणि थकवा जाणवतो, तेही अंगावर काढू नका.

काकांना आम्ही हेच सांगितले. परवा त्यांनी बिडीचे बंडल आमच्या हाती ठेवले. घरी काकू पहिल्यांदाच हसल्या.