दाढी वाढलेले दोन शिपाई

चित्रात जुन्या घोडदळातला एक प्रौढ सार्जंट उभा आहे. समोर चाक मोडून खिळखिळी झालेली त्याची जीप. सार्जंटने एका हाताने डोळे झाकून घेतले आहेत आणि दुसऱ्या हातातले पिस्तूल जीपच्या बॉनेटवर रोखले आहे. पाय मोडलेल्या घोड्याला वेदनांतून सोडवण्यासाठी घोडेस्वाराने त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालायची, ही घोडदळाची जुनी रीत ठाऊक असलेल्याला हे चित्र पाहून प्रथम हसू येते आणि मग क्षणभर गप्प व्हायला होते. चित्राखाली एक शब्दही नाही. ते काढणारा बिल मॉल्डिन स्वतः पायदळातला शिपाई होता आणि वयाची पंचविशीही त्याने गाठली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात व्यंगचित्रांचा वापर सर्वच राष्ट्रांनी केला. बहुतेकांचे काम शत्रूला राक्षस आणि आपल्या सैनिकाला देवदूत ठरवण्याचे होते. मॉल्डिनच्या चित्रांत शत्रू क्वचितच दिसतो. दिसतो तो चिखल, पाऊस, ओले मोजे, थंड जेवण आणि आपलेच अधिकारी. विशेष म्हणजे ही चित्रे एखाद्या विरोधी पत्रात छापून येत नव्हती. ती छापत होते ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’, म्हणजे खुद्द अमेरिकी लष्कराचे दैनिक. लष्कराने लष्कराच्याच खर्चाने लष्करी अधिकाऱ्यांची टिंगल छापावी, तीही ऐन रणधुमाळीत, हे अजब होते.

मॉल्डिनचा जन्म २९ ऑक्टोबर १९२१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या माउंटन पार्क या डोंगराळ वस्तीत झाला. बालपण गरिबीचे, घर अस्थिर. शिकागोच्या अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये काही काळ चित्रकला शिकून तो अॅरिझोनात परतला आणि १९४० मध्ये तिथल्या नॅशनल गार्डमध्ये भरती झाला. हे दल लवकरच केंद्रीय सैन्यात सामील झाले आणि मॉल्डिन ४५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये आला. डिव्हिजनच्या छोट्या वृत्तपत्रासाठी त्याने चित्रे काढायला सुरुवात केली, परंतु बंदूक खाली ठेवली नाही. या डिव्हिजनमध्ये अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचे अनेक जवान होते. त्याच्या चित्रांतला ‘जो’ आरंभी असाच एक बाकदार नाकाचा मूलनिवासी शिपाई होता. पुढे नावे आणि चेहरे यांची अदलाबदल होत होत ‘विली’ आणि ‘जो’ ही जोडी ठरून गेली.

जुलै १९४३ मध्ये डिव्हिजन सिसिलीत उतरली, सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर सालेर्नोला. इथून पुढे मॉल्डिनची रेषाच बदलली. छावणीतल्या गमतीजमती रेखाटणाऱ्या मुलाच्या हाती जणू निराळाच कुंचला आला. शाई दाट झाली, सावल्या काळ्याकुट्ट झाल्या. विली आणि जो यांच्या दाढ्या वाढल्या, डोळ्यांखाली पोकळ्या आल्या, खांदे वाकले. ते विशीतले आहेत की चाळिशीतले, हे सांगता येईनासे झाले. चित्रकाराला पोशाखाची प्रत्येक सुरकुती माहीत होती, कारण तोच पोशाख त्याच्याही अंगावर होता.

१९४३-४४ चा इटलीतला हिवाळा समजल्याशिवाय या चित्रांचे मर्म उलगडत नाही. जर्मनांनी डोंगरमाथ्यांवर ठाण मांडले होते आणि दोस्तांचे पायदळ खालच्या दऱ्यांतून एकेक टेकडी चढत होते. वाहने चालत नसल्याने शिधा आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून वर जाई. दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहिल्याने पाय सडण्याचा विकार जडे आणि गोळी न लागताही शिपाई निकामी होई. एका चित्रात विली जोला सांगतो की, काल तू माझा जीव वाचवलास, त्याची परतफेड म्हणून हे घे, आणि त्याच्यापुढे आपला शेवटचा कोरड्या मोज्यांचा जोड धरतो. हा विनोद घरी शेकोटीजवळ बसलेल्याला गमतीचा वाटेल. खंदकातल्याला मात्र तो तंतोतंत हिशेब होता.

याच इटलीत भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढत होत्या, हे येथे आठवायला हवे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील टायबरच्या खोऱ्यातील पराक्रमासाठी मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीकाठच्या शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या वाट्याला त्यांचा मॉल्डिन आला नाही. पदकांच्या नोंदी राहिल्या. ओल्या मोज्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

१९४३ च्या अखेरीस मोंते कासिनोच्या परिसरात तोफगोळ्याचा तुकडा मॉल्डिनच्या खांद्यात घुसला. जखम किरकोळ होती. तिच्यासाठी ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळाले, तेव्हा त्याला संकोचच वाटला. पुढे त्याच्या एका चित्रात वैद्यकीय पथकातला जवान विलीला पदक देऊ करतो आणि विली म्हणतो की, ते माझ्याजवळ आहे, मला आपली डोकेदुखीची गोळी तेवढी दे. १९४४ च्या आरंभी तो ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’मध्ये दाखल झाला. त्याच सुमारास युद्धवार्ताहर अर्नी पाइल याने त्याच्यावर लिहिले आणि चित्रे अमेरिकेतील दैनिकांतही पोहोचली. त्याला स्वतःची जीप मिळाली. आघाडीवर जायचे, माणसे पाहायची, मागे येऊन आठवड्याला सहा चित्रे काढायची, असा क्रम सुरू झाला.

अधिकाऱ्यांवरचे त्याचे वार बोचरे होते, पण आरडाओरडा नव्हता. आल्प्सच्या पायथ्याशी उभे राहून दोन अधिकारी सूर्यास्त न्याहाळत आहेत आणि एक दुसऱ्याला विचारतो की, शिपायांसाठीही असाच एखादा देखावा आहे काय. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ निमूटपणे सारे पाहत असे. विली आणि जो बोलतात, परंतु एकमेकांशीच. वरच्यांना उद्देशून ते काही म्हणत नाहीत, आणि वरच्यांना झोंबते ते हेच.

सर्वांत अधिक झोंबले ते जनरल जॉर्ज पॅटन याला. पॅटनच्या थर्ड आर्मीत दाढी घोटलेली, टाय बांधलेला आणि हेल्मेट डोक्यावर असलेच पाहिजे, नाहीतर दंड. मॉल्डिनने चित्र काढले : थर्ड आर्मीच्या हद्दीवर दंडांची लांबलचक यादी असलेला फलक आणि त्याच्यापुढे आपल्या जीपमध्ये थबकलेले विली-जो. आता हजार मैलांचा वळसा घालावा लागणार, तेव्हा उशीर होईल असे साहेबांना कळवा, असे ते म्हणतात. पॅटनच्या मते हे शिपाई म्हणजे लष्कराची बदनामी होती. हे पत्र आपल्या सैन्यात वाटू देणार नाही, अशी धमकी त्याने दिली.

१९४५ मध्ये, युद्ध संपायला काही महिने उरले असताना, सरसेनापती आयझेनहॉवरच्या कार्यालयाने दोघांची गाठ घालून दिली. लक्झेंबर्गमधील पॅटनच्या मुख्यालयात तेवीस वर्षांचा सार्जंट चार ताऱ्यांच्या नव्हे, त्या वेळी तीन ताऱ्यांच्या सेनापतीसमोर उभा राहिला. पॅटनचा बुल टेरियर कुत्राही तिथे होता. योगायोग असा की, त्याचेही नाव विलीच होते. शिस्तीवर दीर्घ व्याख्यान झाले. मॉल्डिननेही आपली बाजू मांडली : शिपाई आपल्या वैतागाने आतल्या आत कुढत असतो, तोच वैताग छापील कागदावर दिसला की आपण एकटे नाही हे त्याला कळते. दोघांपैकी कोणाचेही मत बदलले नाही. चित्रे मात्र छापली जात राहिली, कारण शिपायांच्या पत्रात अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, असे आयझेनहॉवरचे धोरण होते. पॅटन हा असामान्य सेनानी होता यात शंका नाही. परंतु सैन्याचे मनोधैर्य टायच्या गाठीवर किती अवलंबून असते, याचा अंदाज या प्रकरणी त्याच्यापेक्षा त्या सार्जंटलाच अधिक होता.

त्याच वर्षी मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळाले, वयाच्या तेविसाव्या वर्षी. ज्या चित्रासाठी ते मिळाले, त्याच्याखाली विजयाच्या उन्मादातले ताजेतवाने अमेरिकी जवान थकलेल्या युद्धकैद्यांना घेऊन येत असल्याची वृत्तपत्री थाटाची ओळ आहे. वर पावसात भिजणारे कैदी आणि त्यांचे पहारेकरी सारखेच गलितगात्र आहेत. ‘अप फ्रंट’ हे त्याचे पुस्तक तडाखेबंद खपले, विलीचा चेहरा ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. युद्धाच्या अखेरच्या दिवशी विली आणि जो यांना मारून टाकायचे, असा मॉल्डिनचा बेत होता. वरिष्ठांनी त्याला परावृत्त केले. हा बेत केवळ नाट्यासाठी नसावा. खंदकातले सोबती मेले आणि त्यांच्याच हालांवर आपण श्रीमंत झालो, ही बोच त्याला पुढेही सुटली नाही.

घरी परतल्यावरची कहाणी कमी सांगितली जाते. विली-जो नागरी कपड्यांत आले, तसे ते घरांच्या टंचाईविषयी बोलू लागले. मग मॉल्डिनने कू क्लक्स क्लॅनवर, कृष्णवर्णीयांच्या छळावर, अमेरिकेसाठी लढून आलेल्या जपानी वंशाच्या जवानांना मिळणाऱ्या वागणुकीवर चित्रे काढली. ज्या दैनिकांना चिखलातला विली हवा होता, त्यांना हा मॉल्डिन नको होता. एकामागून एक पत्रांनी सदर बंद केले, वितरण संस्थेने चित्रांत परस्पर फेरफार केले, एफबीआयने त्याच्या नावाची फाइल उघडली. सेनापतीपुढे टिकलेले स्वातंत्र्य शांततेच्या काळात ग्राहकांपुढे टिकले नाही. चाळीसचे दशक संपता संपता त्याने ते काम सोडले. मधल्या वर्षांत त्याने जॉन ह्यूस्टनच्या एका चित्रपटात भूमिका केली, १९५६ मध्ये काँग्रेसची निवडणूक लढवून हरला.

१९५८ मध्ये ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ने त्याला पुन्हा टेबलाशी बसवले. रशियन साहित्यिक बोरिस पास्तरनाक यांना नोबेल नाकारावे लागले, त्यावर त्याने बर्फात लाकडे फोडणारे दोन कैदी काढले. मला साहित्याचे नोबेल मिळाले, तुझा गुन्हा कोणता, असे एक दुसऱ्याला विचारतो. १९५९ चे पुलित्झर या चित्राला मिळाले. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा तो ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये होता. काही तासांतच त्याने लिंकन स्मारकातला पुतळा चेहरा ओंजळीत लपवून रडताना रेखाटला. ते चित्र शेवटच्या पानावर होते. अनेक विक्रेत्यांनी त्या दिवशी अंक उलटा करून मांडला.

अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले. कॅलिफोर्नियातील शुश्रूषागृहात तो जवळजवळ अबोल झाला. २००२ मध्ये ही बातमी जुन्या सैनिकांपर्यंत पोहोचली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. दहा हजारांहून अधिक पत्रे आली. काही वृद्ध आपली पदके लावून प्रत्यक्ष भेटायला आले, त्याच्या पलंगाशेजारी बसून सिसिली आणि आंझिओच्या गोष्टी सांगत राहिले. २२ जानेवारी २००३ रोजी त्याचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याची समाधी आहे.