दिवसभर राबणं म्हणजे व्यायाम झाला का? उदासीवर चालणं आणि गटाचा आधार

"दिवसभर राबतो, अजून कसला व्यायाम?" झोप लागत नाही, मन लागत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या शेतकऱ्याला रोज चालायला सांगितलं की बहुतेक वेळा हेच उत्तर येतं. त्यात खोटं काही नाही. पाठीवर पंप घेऊन दोन एकर फवारणी केलेला माणूस दमलेलाच असतो.

पण शरीर दमणं वेगळं आणि मन मोकळं होणं वेगळं. काम करताना हात चालतात, डोक्यात मात्र सोसायटीचं कर्ज आणि बाजारभावच फिरत राहतो. आपल्या मर्जीने केलेल्या व्यायामाने उदासी कमी होते, पोटासाठीच्या कष्टाचा तसा फायदा दिसत नाही, असं अभ्यासातही आढळलं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणं. सोबत कोणी असेल तर खाडा होत नाही.

दुसरा उपाय गट-उपचाराचा. सारखाच त्रास असलेली काही माणसं आठवड्यातून एकदा बसतात, शिकलेला एक जण बोलणं पुढं नेतो. हे शहरातलं फॅड नव्हे. आफ्रिकेतल्या युगांडात २००२ साली ३० खेड्यांत याची चाचणी झाली. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. बायका-पुरुषांचे गट वेगळे, दर आठवड्याला दीड तास, असे १६ आठवडे. गटात बसलेल्यांचं नैराश्य इतरांपेक्षा खूपच कमी झालं.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच. गटात बोललेलं सकाळी पारावर आलं तर? ही भीती रास्त आहे. म्हणून 'इथलं इथंच राहील' हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतात. तरी गावात नको वाटलं तर तालुक्याच्या ठिकाणचा गट बरा. भजनी मंडळ, बचत गट यांनी जीव रमतो, पण तो उपचार नव्हे.

गोळ्या चालू असतील तर चालायला लागलो म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे दाखवता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर गटाची वाट बघत बसू नये, टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर लगेच फोन करावा. फोन मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही लावला तरी चालतो.