व्यवसायोपचारक होणें म्हणजे काय?

वैद्यकी किंवा वकिली शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोण होणार हें घरच्यांना समजावून सांगावें लागत नाहीं. व्यवसायोपचार, म्हणजे ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, तो शिकणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना कोणी रोग्यास नोकरी मिळवून देणारे समजतो, तर कोणी मालिश करणारे. अशा स्थितींत त्यांची स्वतःची ओळख पक्की कशी होते, याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दच पाहूं. ‘व्यवसाय’ म्हणजे पोटाचा धंदा, असा आज आपला समज आहे. परंतु संस्कृतांत निश्चय व उद्योग असेहि त्याचे अर्थ आहेत. या विद्येला अभिप्रेत असलेला अर्थ त्यांच्याच जवळचा आहे. स्नान करणें, सदऱ्याच्या गुंड्या लावणें, आपल्या हातानें घांस घेणें, लिहिणें, खेळणें, हें सारें त्यांत येतें. अर्धांगवायूनें हात लुळा पडला, तर डॉक्टर औषध देतील, भौतिकोपचारक अंगाची हालचाल व बळ वाढवूं पाहतील. व्यवसायोपचारक विचारील, ‘आतां तुम्हांस काय करतां येत नाहीं, आणि त्यांतलें काय आधीं करावेंसें वाटतें?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला आपलासा वाटूं लागला, कीं त्याची ओळख घडूं लागली असें समजावें.

ही विद्या येथें रुजविण्याचें श्रेय मुख्यतः कमलाबाई निंबकर यांना आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या व विवाहानें इकडच्या झालेल्या या विदुषींनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तिची शाळा सुरू केली. १९५२ सालीं या विषयाचा जागतिक संघ निघाला, त्याच्या संस्थापक देशांत भारतहि होता. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेंहि या व्यवसायास आपल्या कक्षेंत घेतलें आहे.

तथापि कायदा व पदवी यांनीं ओळख पुरी होत नाहीं. तिची परीक्षा रोग्याजवळ होते. लुळा हात अस्तनींत आधीं घालावा व काढतांना शेवटीं काढावा, हें पुस्तकांत एका ओळींत शिकतां येतें. परंतु रोगी त्या अस्तनीशीं झगडत असतां चटकन् पुढें होणारा आपला हात आवरणें, हें शिकावयास फार दिवस लागतात. नातलग म्हणतात, ‘ही मुलगी नुसती पाहत बसते!’ आपण कां थांबलों, हें त्या वेळीं जिला शांतपणें सांगतां येतें, ती खरी व्यवसायोपचारक झाली.

आमच्या एकत्र कुटुंबांत सेवेला तोटा नाहीं. सून भरवते, नातू कपडे चढवतो, आणि सुधारूं शकणारा हात तसाच पडून राहतो. म्हणून वाचकांस आमची विनंति आहे, कीं अशी विद्यार्थिनी घरीं आली तर तिला रोग्यासाठीं वेळ घेऊं द्यावा; आणि आपल्याच घरांतील कोणी ही विद्या शिकूं म्हणेल, तर पगाराबरोबर तिचें कामहि समजून घ्यावें.