पाना महाग घ्यावा की स्वस्त?

पेरणीच्या तोंडावर जिंतूर-सेलूच्या गॅरेजांत ट्रॅक्टर येतात, तेव्हा पान्याची खरी परीक्षा होते. नाव बदलून विकलेल्या आयात पान्यावरही 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेले असते. पण पोलादाला उष्णता देऊन कठीण करण्याचे काम नीट झालेले नसेल, तर जोर लागताच पान्याचा जबडा फाकतो आणि बोल्टचे कोपरे गोल होतात. मग तो बोल्ट छिन्नीने तोडायचा, आणि शेतकऱ्याचा दिवस बुडायचा. म्हणून नेहमी लागणारे १३ आणि १७ मिमीचे रिंग पाने, सॉकेट चांगलेच घ्या. त्यासाठी परदेशी ब्रँड हवाच असे नाही. नाशिकची टपारिया पुरेशी आहे. क्वचित लागणारा मोठा पाना स्वस्त चालेल. छिन्नी-हातोडा मात्र स्वस्त नको, ठिकरी डोळ्यात उडते.