मलिक अंबर वजीर झाला म्हणून गुलामी सौम्य ठरत नाही

गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिकेतले मळे आठवतात. आपल्या मुलखात तसे काही नव्हते, आणि असलेच तर ते घरगुती, मायेचे होते, अशी समजूत पक्की आहे. दाखल्याला मलिक अंबरचे नाव पुढे केले जाते. अवसरी खुर्दच्या वाचकाला तो परका नाही. मंचर, नारायणगाव मागे टाकले की जुन्नर येते, आणि 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर काही वर्षांनी अंबरने निजामशाहीची राजधानी याच जुन्नरला आणली. विकत आणलेला पोरगा राज्य चालवतो, 1624 मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढतात. मग गुलामीत वाईट ते काय, असे विचारले जाते.

अंबरचे पूर्वायुष्यच याचे उत्तर देते. इथिओपियातला चापू नावाचा हा मुलगा मोखा, बगदाद असा हातोहात विकला जात दख्खनला पोचला. त्याला विकत घेणारा निजामशाही पेशवा चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता, आणि अंबरला मोकळीक मिळाली ती या धन्याच्या मृत्यूनंतर. दख्खनच्या सुलतानांना असे शिपाई हवे होते ज्यांना इथे ना भाऊबंद, ना वतन. ही गरज होती, दया नव्हे. ज्याच्या हाती तलवार दिली त्यालाच ही वाट खुली झाली. जिच्या हाती जात्याचा खुंटा दिला, तिला नाही.

म्हणून सौम्यपणा मोजायचा तर कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, आयुष्यावरून मोजावा. पेशवाईच्या दप्तरांत त्या जागोजाग भेटतात. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या, स्वारीत धरून आणलेल्या, बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायका दळणकांडण, शेणगोठा, पागेतली कामे करीत. त्यांची खरेदीविक्री होई आणि नाक्यावर त्यांच्यावर जकात पडे. एखाद्या कारभाऱ्याला जकात माफ केल्याचे हुकूमही निघत. 1662 मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रजी वसाहतीने आईची जी अवस्था तीच मुलाची, असा कायदा केला. आपल्याकडे त्यासाठी कायदा लागला नाही. कुणबिणीचे मूल धन्याचेच धरले जाई. वसाहतींतला वंशभेद आणि साखर-तंबाखूच्या मळ्यांचा जीवघेणा रगाडा इथे नव्हता, हे मान्य करायलाच हवे. पण फरक असणे वेगळे आणि सुख असणे वेगळे. त्या काळी कुणाला यात वावगे वाटत नव्हते, असेही म्हणता येत नाही. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी कर्नाटकात डचांना दिलेल्या कौलात बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घेण्यास आणि बाहेर नेण्यास स्पष्ट मनाई केली होती.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे: छळ असता तर बंड झाले असते. बंड मात्र केवळ छळातून उठत नाही. त्याला संख्या लागते, आणि पळून जायला जागा लागते. 1739 मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी सुमारे 20 गुलामांनी दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि ते दक्षिणेकडे निघाले, कारण स्पॅनिश फ्लोरिडात पळून आलेल्यांना स्वातंत्र्य मिळत होते. त्या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा गुलाम जास्त होते. बंड चिरडले गेले आणि 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवण्यावरही बंदी आली. आपल्याकडे एका वाड्यात एखाद-दोन कुणबिणी. त्यांनी कुणाला हाक मारायची? त्या पळून जात, आणि धरून आणण्यासाठी पत्रे सुटत. जिथे जमाव आणि हत्यार दोन्ही होते, तिथे चित्र वेगळे दिसते. बंगालात 1487 मध्ये हबशी पहारेकऱ्यांच्या सरदाराने सुलतानाला मारून गादीच घेतली. पोर्तुगीज गोव्यातून निसटलेले सिद्दी सह्याद्रीच्या रानात, आजच्या उत्तर कन्नड भागात, वस्ती करून राहिले.

इंग्रजांनी येऊन हे सारे थांबवले, हाही गैरसमजच. ईस्ट इंडिया कंपनीने स्वतः मादागास्करचे गुलाम मुंबईत आणले होते. 1833 च्या प्रसिद्ध मुक्ती कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. 1843 च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानायचे थांबवले, पण धन्याला शिक्षा ठेवली नाही, आणि अडाणी कुणबिणीला आपण मोकळ्या झालो हे सांगायलाही कुणी गेले नाही. माणूस गुलाम म्हणून विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा ठरला तो 1860 च्या दंडसंहितेने, आणि ती अमलात आली 1862 मध्ये.