लाकडाचा अंगचा रंग

सुरत म्हणताच मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, इंग्रजांची वखार आठवते. फार तर जर आणि हिरे आठवतात. परंतु याच शहरात लाकडाची एक अत्यंत नाजूक कला नांदली, तिची वार्ता आपल्याकडे क्वचितच होते. तिचे नाव सादेली. सागाची किंवा चंदनाची पेटी असावी आणि तिच्या अंगावर तारे, षट्कोन व चौकटी अशा दाट बसविलेल्या असाव्यात की प्रथमदर्शनी ते कापडच वाटावे, असे हे जडावकाम असते. ही विद्या इराणातील शिराझहून सिंधमार्गे मुंबई-सुरतेकडे आली असे सांगतात. पारशी समाजातील पेटीगर हे आडनाव याच व्यवसायाची खूण आहे. एकोणिसाव्या शतकात या पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने विलायतेस जात. आज मात्र सुरतेत हे काम जाणणारी घरे थोडीच उरली आहेत.

एखादी लहान पेटी, आरशाची चौकट किंवा बुद्धिबळाचा पट घरी करू पाहणाऱ्या हौशी माणसाला या कलेपासून एक मोठा धडा घेता येतो. तो म्हणजे रंगाचे लाकूड कसे निवडावे.

प्रथम कामाची रीत पाहू. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांच्या त्रिकोणी, चौकोनी अशा लांब बारीक काड्या करतात. नक्षीच्या क्रमाने त्या सरसाने जुळवून त्यांची जुडी बांधतात. ती वाळली की करवतीने आडवे पातळ काप घेतात. प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते. हे काप पेटीवर चिकटवून वरून घासतात. आता, काडीला वरून रंग दिलेला असेल तर काय होईल? रंग कडेला राहील आणि काप घेताच आतले पांढरे लाकूड उघडे पडेल. म्हणून येथे रंग असा हवा की जो लाकडाच्या गाभ्यापर्यंत एकसारखा आहे. सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कामाची सामग्री दिली आहे. कथलाची तार, चंदन, आबनूस, पतंगाचे लाकूड, सांबराचे शिंग आणि हस्तिदंत अशी ती आहे. त्यांपैकी हस्तिदंताचा काही भाग तेवढा हिरवा रंगवीत. बाकीचे पदार्थ अंगच्या रंगाचेच.

रंगांची ही पेटी आपल्या रानात भरलेली आहे. सुरतेच्या पाठीशी डांगचे जंगल उभे आहे आणि त्याची सीमा आपल्या नाशिक जिल्ह्याला भिडते. १८४२ मध्ये इंग्रजांनी लाकडासाठीच हे जंगल तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले होते. काळ्या रंगासाठी टेंभुर्णीचा गाभा घ्यावा. मात्र तो खोडात थोडाच असतो, बाहेरचा भाग फिकट निघतो. जांभळट तपकिरी रंग शिसवीचा, पिवळा हेदूचा किंवा फणसाचा, तांबडा खैराचा. पतंगाचे लाकूड चिरताना नारिंगी दिसते आणि हवा लागताच लाल होते. याच रंगद्रव्याच्या लाकडावरून दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाला नाव मिळाले. पांढऱ्यासाठी काळा कुडा घ्यावा. नाव काळा असले तरी त्याचे लाकूड हस्तिदंताची आठवण करून देण्याइतके पांढरे व बारीक पोताचे असते.

परंतु वखारीत दिसलेला रंग हा शेवटचा रंग नव्हे. उजेडाने फणसाचा पिवळेपणा तपकिरीकडे झुकतो. ताजा रंधलेला साग हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि पुढे सोनेरी होतो. अंदमानचा पडौक तांबडा भडक असतो, तो काही काळाने विटकरी होऊन बसतो. शिसवी उलट थोडी फिकी पडते. म्हणजे आज जे तांबडे आणि तपकिरी शेजारी शोभले, ते दहा वर्षांनी एकच दिसू लागतील! यासाठी प्रत्येक लाकडाचा तुकडा रंधून त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि महिनाभर उन्हात ठेवावा. मग दोन्ही भाग पाहून निवड करावी. डोळे अर्धवट मिटून पाहिले असता जी लाकडे वेगळी ओळखू येतात, ती खरी जोडी. रंग बदलला तरी उजळ-गडदपणाचा फरक सहसा टिकतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आडव्या कापाचा चेहरा फळीच्या चेहऱ्याहून गडद दिसतो, कारण तो तेल व पॉलिश अधिक शोषतो. म्हणून नमुना आडवा कापूनच पाहावा. दुसरे, गडद लाकडाचा भुसा पांढऱ्याच्या रंध्रांत शिरून ते मळकट करतो. काचकागद चालविण्यापूर्वी चपड्याचे पातळ पॉलिश द्यावे, किंवा पोलादी पातीने खरवडावे.

निळा आणि हिरवा मात्र लाकडात दुर्मिळ. इंग्लंडातील टनब्रिजच्या कारागिरांनी बुरशीने हिरवे झालेले ओकचे लाकूड रानातून वेचून ही उणीव भरून काढली. निसर्गात जेवढे आहे तेवढ्यातच रंगसंगती साधण्याचा हा मार्ग नक्षीला एक प्रकारचा संयम देतो.

हा संयम आता कायद्यानेही मागितला आहे. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ मध्ये बंद झाला. शिसवीच्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली. सादेलीतील पांढरा दाणा म्हणूनच आता हाडाचा, प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा असतो. त्यांपैकी लाकडाचा दाणा शेजारच्या काड्यांबरोबर एकजीव होऊन म्हातारा होतो, हे त्याचे मोठेपण.

आणि शिसवी हवी असेल तर नवे झाड कशाला पाडावे? आपल्या जुन्या वाड्यांतील मोडक्या पलंगांत आणि कपाटांत ती आहे. या कामाला काडीएवढेच लाकूड लागते. असे जुने लाकूड हाती असताना जंगलाकडे हात पसरण्याची गरजच नाही. फक्त उजेडाने बदललेला रंग वरच्या थरापुरताच असतो, हे विसरू नये. आत पुन्हा ताजा रंग आहे.