तीन दिवस उलटले तरी दवाखान्यात या

रविवारी रात्री निरोध फाटला आणि गुरुवारी संध्याकाळी नवरा-बायको दवाखान्यात आले. धाकटे मूल दीड वर्षाचे. मेडिकलमध्ये गोळी मागितली, तर ‘तीन दिवस होऊन गेले, आता उपयोग नाही’ असे सांगितले गेले. ‘पाळी चुकली की बघू,’ असे म्हणत दोघे परत फिरणार होते. असे रुग्ण वरचेवर येतात, म्हणून आज थोडे स्पष्ट लिहितो. वाचकांनी संकोच बाजूला ठेवावा.

मेडिकलमध्ये मिळते ती लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एकच गोळी. भारतात हे औषध २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती ७२ तासांच्या आत घ्यावी असे सांगतात. पण म्हणून ७२ तास वाट पाहायची नसते! ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. बीज एकदा बाहेर पडले की तिच्या हाती फारसे काही राहत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीही थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण भरवसा कमी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यावी. क्षयाचे औषध रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा परिणाम घटतो, तेव्हा डॉक्टरांना तसे सांगावे. (नव्वदच्या दशकात आम्ही माला-डीच्या चार आणि बारा तासांनी आणखी चार गोळ्या देत असू. बायका मळमळीने हैराण होत.)

मग चौथ्या-पाचव्या दिवशी खात्रीचा उपाय कोणता? तांबी, म्हणजेच कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातील नव्याण्णवांहून अधिक स्त्रियांना दिवस राहत नाहीत. तांबे शुक्रजंतूंना निकामी करते. ‘३८० ए’ ही तांबी पुढे दहा वर्षे चालते आणि मूल हवे झाले की काढता येते. सरकारी रुग्णालयात ती फुकट बसवतात. नवऱ्याची सही लागत नाही. आधीच दिवस गेले असतील किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर बसवत नाहीत, म्हणून तपासणी आधी. त्या बाईंना मी लगेच चिठ्ठी दिली. शुक्रवारी सकाळी तांबी बसली. मुदत त्याच रात्री संपत होती.

जबरदस्ती झालेल्या मुलीलाही हेच उपाय लागू आहेत. तिच्यावर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. घरच्यांनी अब्रूच्या भीतीने ते पाच दिवस घालवू नयेत.

गोळी त्या एका वेळेपुरतीच असते. नंतरच्या संबंधांना तिचे संरक्षण नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करावी. ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखले किंवा चक्कर आली तर थांबू नये, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

दिवस राहिलेच तर मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणू नका. रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. कायद्यात बसणाऱ्या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंतचा गर्भपात एका अधिकृत डॉक्टरांच्या मताने करता येतो. बाई अठरा वर्षे पूर्ण असेल तर संमती तिची एकटीची पुरते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.